मर्दपाला, मुळासकट

आधी बघायचं

रशेलने ग्लास समोर ठेवला. सीबर्टचा हात पुढे आला तसा तिने ग्लासवर आपला तळवा आडवा धरला. म्हणाली, अंकल सीब, घाई नाही. आधी बघायचं. मग वास घ्यायचा. मग एकच घोट. आणि गिळल्यावर जरा गप्प बसायचं, कारण खरी चव मागाहून येते.

सीबर्टला हसू आलं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो स्टाउट, ही काळी कडसर बिअर, पीत आला होता. आटवलेलं दूध आणि जायफळ घालून, कच्चं अंडं फेटून, बाटलीने, मगाने, एकदा तर पैजेखातर टोपीतून. पिण्याआधी नियम सांगणारं माणूस मात्र आज पहिल्यांदा भेटत होतं. तरी तो मुकाट्याने बघत बसला. आपल्याला मुद्दाम बोलावणं धाडलंय, हे त्याला मनातून आवडलं होतं.

काळं. उजेडाकडे धरलं तर कडेला लालसर. वर बोटभर फेस, सायीसारखा जाड, तपकिरी.

ते बसले होते ती शेड एकेकाळी केळी भरायची. केळ्यांची बोट पोर्ट अँटोनियोच्या बंदरात यायची बंद झाली आणि शेडमध्ये शेळ्या बसायला लागल्या. रशेल किंग्स्टनला एका मोठ्या बिअरच्या कारखान्यात काही वर्षं होती. तिथून परत आली, शेळ्या हाकलल्या आणि तीन स्टीलच्या टाक्या आणून उभ्या केल्या. मोड काढून करपेपर्यंत भाजलेले जव तिने बाहेरून मागवले, पण कडूपणासाठी लागतं ते सगळं इथल्याच डोंगरातलं, मुळं, साली, पाला. गाव म्हणालं, पोरगी गेली साहेब व्हायला आणि आली काढे उकळायला. तिची आजी, मिस डेल, दाराशी पालथ्या खोक्यावर बसून चाकूने मुळं खरवडत होती. तिच्या वयाचा हिशोब तिनेच कधीचा सोडला होता. जीभ मात्र अजून पोरवयातली.

सीबर्ट हा नदीवरचा तराफावाला. पाहुण्यांना बांबूच्या तराफ्यावर बसवून वरून खाली, समुद्रापर्यंत आणायचं. पाहुणे त्याला कॅप्टन म्हणत. नदीकाठच्या बारमध्ये त्याच्या जिभेचा दबदबा होता. कुठली बाटली उन्हात राहिली होती आणि कुठली दोनदा गार केली, हे तो डोळे मिटून सांगे. तो चांगली म्हणाला तर काठावरचा प्रत्येक बारवाला रशेलची स्टाउट ठेवणार, इतकं साधं गणित.

आणखी एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सीबर्टला मूल नव्हतं. सगळा जन्म त्याने एकच गोष्ट मागितली होती, आणि तेवढीच मिळाली नव्हती.

मग वास

तो ग्लासवर झुकला, आणि नाक त्याला न विचारता घरी घेऊन गेलं.

म्हणजे आधी करपलेली कॉफी होती. मग नारळाच्या शेंड्या जळाव्यात तसा धूर. मग पिमेंटोच्या पानांचा वास, इथे ज्यांच्या धगीवर मांस भाजतात त्या. आणि या सगळ्याच्या तळाशी, गाळासारखा बसलेला, एक उग्र दर्प. लसणासारखा, पण लसूण नव्हे. लसूण मातीत पुरून विसरून जावं आणि मग कधीतरी उकरावं, तसा.

मर्दपाला.

हिरवंगार बुटकं झुडूप, पांढऱ्या बारीक फुलांची लांब काडी. गाईने खाल्लं तर तिच्या दुधालाही वास मारतो. नदीच्या वरच्या अंगाला, सीबर्टच्या गावात, पुरुष त्याला मर्दपाला म्हणत. थंडीतापाला चांगला, हातापायांत बळ येतं, आणि राहिलेलं पुरुष एकमेकांना डोळा मारून सांगत.

लग्नाला काही महिने झाले होते तेव्हा आयोनीने तो मागितला होता. आयोनी खालच्या किनाऱ्यावरची, तिला इथल्या घळी ठाऊक नव्हत्या. म्हणाली, तुमचा तो मर्दपाला मला आणून देशील? रोज नको, महिन्यातून काही दिवस. पण मुळासकट आण. मूळ तुटलं तर फुकट गेलं समज.

कशाला, हे तिने सांगितलं नाही. सीबर्टनेही विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? बायको मर्दपाला पिते ती मर्द पोरगा व्हावा म्हणून. त्याचा ऊर भरून आला होता. त्या दिवशी तो तराफ्यावरून उतरल्यावर घरी न जाता बारमध्ये गेला आणि सगळ्यांना त्याने पाजली.

तेव्हापासून ठरलेल्या सकाळी घरात तो वास असे. आयोनी चहाच्या भांड्यात मूळ उकळायची, दाराच्या उंबऱ्यावर बसून फुंकर घालत प्यायची, आणि दिवसभर तिच्या श्वासाला तो वास राहायचा. बाकीच्यांना नको वाटला असता. सीबर्ट तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन तो हुंगायचा. मूल काही होत नव्हतं, पण मूल व्हावं म्हणून बायको इतकं कडू पिते, यातच त्याला अर्धं मूल मिळाल्यासारखं वाटे. त्याच्यापुरता तो आशेचा वास होता.

आता शेडमध्ये बसून त्याने डोळे मिटून तो पुन्हा छातीत भरून घेतला. म्हणाला, "हा तर माझ्या घराचा वास आहे."

नळावर

मर्दपाला नदीकाठच्या ओल्या घळीत उगवे. संध्याकाळी तराफा बांधून झाला की सीबर्ट घळीत उतरायचा, माती सैल करायचा, अलगद उपटायचा. एकही मूळ तुटू द्यायचा नाही. नदीत धुऊन जुडी खांद्यावर टाकायचा आणि रस्त्याने घरी यायचा.

वाटेत सार्वजनिक नळ. तिथे बायका. त्याला येताना पाहिलं की बोलणं थांबायचं. मग एक जण दुसरीला कोपराने ढोसायची, आणि त्या हसायच्या. एखादी म्हणायची, काय सीबर्ट, आयोनीसाठी का? तो छाती पुढे काढून म्हणायचा, मग कोणासाठी? त्या अजून हसायच्या. एकीने एकदा चक्क त्याची बादली भरून दिली होती, त्याची पाळी नसताना.

सीबर्टला वाटायचं, आपण पोरासाठी किती झटतोय त्याचं बायकांना कौतुक आहे.

अजून वासच

रशेलला मर्दपाला हा शब्दच ठाऊक नव्हता. तिने वहीत लिहिलेलं नाव वेगळं होतं, किंग्स्टनच्या बाजारात चालतं ते. ती म्हणाली, आजी, हे काय म्हणतायत?

मिस डेलने खरवडलेलं मूळ टोपलीत टाकलं. म्हणाली, हेच गं, हेच ते. पानाला पुरुषांनी नाव ठेवलं मर्दपाला. मुळाला आम्ही नाव ठेवलं घळमूळ. झाड एक, पण अर्ध्याअर्ध्यात वाटून घेतलेलं. पुरुष कधी जमिनीखाली बघतात होय?

सीबर्ट हसला. घळमूळ हे नाव त्याने ऐकलं होतं. बायकांच्या कसल्याशा औषधाचं, इतकंच. बायका ते बोलताना पुरुष आला की गप्प बसायच्या, आणि पुरुषही फार चौकशी करत नसत. ते हेच, हे त्याला कळलं नव्हतं. त्याला गंमत वाटली. गंमत वाटून संपायच्या आत रशेल बोलत होती. बाटलीवर पोटुशी बाईसाठी ताकीद छापायची आहे, ती नीट ठळक हवी, कारण आत हे घळमूळ आहे.

"पोटुशीने तर नाहीच," मिस डेल म्हणाली. "आणि पोटुशी व्हायचं नसेल तिने हेच. आमच्या वेळी दुसरं होतं काय? नर्सबाई महिन्यातून एकदा यायची, ती पण बायबल घेऊन." मग चाकूच्या टोकाने तिने सीबर्टकडे खूण केली. "याला विचार. आम्ही सगळ्या नवऱ्यांपासून लपवून उकळायचो, खुराड्याच्या मागे, कोंबड्यांना साक्षी ठेवून. आणि हा? हा स्वतः उपटून, धुऊन, खांद्यावर टाकून बायकोला आणून द्यायचा. भर रस्त्याने. एकही मूळ तुटलेलं नसायचं. आम्ही नळावर म्हणायचो, आयोनीने काय नशीब काढलंय बाई. नवरा असावा तर असा. स्वतःला पोर हवं असून बायकोचं ऐकणारा."

रशेल सीबर्टकडे बघायला लागली. डोळ्यांत नवीन आदर. म्हणाली, खरंच, अंकल सीब?

ग्लासातला फेस हळूहळू बसत होता. सीबर्ट त्याकडे बघत राहिला. खाली वाकलं की तो वास होता, मान वर केली तरी होता.

मिस डेलचा चाकू थांबला. म्हातारीचे डोळे अधू होते, पण माणूस गप्प कसा बसलाय हे बघायला डोळे लागत नाहीत. ती हळूच म्हणाली, "सीब, पोरा. तुला ठाऊक होतं ना?"

"हो तर," सीबर्ट म्हणाला.

नळावर, दुसऱ्यांदा

मर्दपाला नदीकाठच्या ओल्या घळीत उगवे. सीबर्ट घळीत उतरायचा, माती सैल करायचा आणि स्वतःच्या पोरांना अलगद उपटायचा. एकही मूळ तुटू द्यायचा नाही. नदीत धुऊन जुडी खांद्यावर टाकायचा आणि भर रस्त्याने घरी यायचा.

वाटेत सार्वजनिक नळ. तिथे बायका. त्याला येताना पाहिलं की बोलणं थांबायचं. मग एक जण दुसरीला ढोसायची, बघ, बघ, शिक तुझ्या नवऱ्याला. काय सीबर्ट, आयोनीसाठी का? मग कोणासाठी, सीबर्ट म्हणायचा. त्या हसायच्या. त्याला नव्हे, आपापल्या नवऱ्यांना. एकीने एकदा त्याची बादली भरून दिली होती, पाळी नसताना. इतक्या भल्या माणसाला रांगेत कसं उभं करायचं?

साऱ्या नदीवर त्याच्याइतका चांगला नवरा झाला नव्हता, आणि तो कोण होता ते सीबर्टला ठाऊक नव्हतं.

घोट

घेतला नाही.

रशेलला म्हणाला, आयोनीबरोबर पितो, बाटली दे. रशेल खूश झाली. तिने बाटली कागदात गुंडाळून दिली आणि सांगितलं की आंटीचं मतही कळवा, खरं खरं. तो निघाला तेव्हा मिस डेलने त्याचं मनगट धरलं आणि सोडलं.

रस्ता चढाचा. एका बाजूला नदी, एका बाजूला डोंगर. गाडी मिळाली असती, पण त्याने हात केला नाही.

चालताना त्याला आई आठवली. आईने आयोनीला कधी नावाने हाक मारली नाही. अंगणातून ओरडायची, त्या खेचराला सांग, पाणी संपलंय. मूल न होणाऱ्या बाईला इथे तोच शब्द आहे. खेचर राबतं, ओझं वाहतं, आणि त्याच्या मागे पिल्लू चालत नाही. बहिणीही म्हणायच्या. ख्रिसमसला सगळे जमले की कोणाचं तरी पोर आयोनीच्या मांडीवर ठेवायचे आणि लगेच उचलून घ्यायचे, दृष्ट लागेल म्हणून. बारमध्ये त्याला ऐकवायचे ते वेगळं. सीबची बंदूक चकचकीत आहे रे, बार फुसका आहे. तो हसून पचवायचा आणि ते विष घरी घेऊन यायचा. आणि एकदा, धाकट्या भावाच्या तिसऱ्या मुलाच्या बारशाहून परतताना, तोही तिला म्हणाला होता. खेचर. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या शर्टाला बटण लावून ठेवलं होतं.

हे सगळं तिने ऐकून घेतलं. तोंडात एक वाक्य होतं, ते बाहेर काढलं असतं तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. आणि तिने ते गिळलं, महिन्याच्या महिन्याला, काढ्याबरोबर.

का, हे विचारायचं त्याने चढ चढता चढता ठरवलं. कसं विचारायचं ते नदीचं वळण आलं तरी ठरलं नव्हतं. एकदा वाटलं, विचारूच नये. मिस डेलला म्हणालो तसंच हो तर म्हणून राहावं, मरेपर्यंत. ते जमेल असं त्याला अंगणाच्या फाटकापर्यंत खरंच वाटत होतं.

सूप

शनिवार म्हणजे सूप. मोठ्या भांड्यात भोपळा, गोमांस, सुरण आणि कणकेचे लांबुळके गोळे रटरटत होते. आयोनी पाठमोरी उभी राहून पातीचा कांदा ठेचून टाकत होती.

ते काय आणलंस, तिने मागे न वळता विचारलं. रशेलची स्टाउट, तो म्हणाला. तुझंही मत हवंय तिला.

त्याने दोन ग्लास काढले, बाटली उघडली आणि ओतली. फेस काठावरून टेबलावर सांडला. आयोनीने कमरेला बांधलेल्या एप्रनला हात पुसले, खुर्ची ओढून बसली आणि ग्लास नाकाजवळ नेला.

तिच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. तेवढ्यावरून त्याला सगळं कळलं. एवढा वास, आणि चेहरा कोरा. हा चेहरा त्याने जन्मभर पाहिला होता. अंगणात, ख्रिसमसला, बारशाला. तो शांत स्वभाव असेल असं त्याला वाटत आलं होतं.

"डेल होती का तिथे?" तिने विचारलं.

"होती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, माझ्यासारखा नवरा साऱ्या नदीवर झाला नाही."

आयोनी उठली, गॅस बंद केला आणि पुन्हा येऊन बसली. सूप थोडा वेळ आपलं आपणच उकळत राहिलं.

मग ती बोलली. रडली नाही, आवाज चढवला नाही. बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं सांगितलं. ती दहा भावंडांत थोरली. आई बाळंतिणीच्या खाटेवरून उठायची ती पुन्हा तिथेच निजायला, म्हणून प्रत्येक पोर आयोनीच्या कडेवर वाढलं. शाळा सुटली, कंबर वाकडी झाली. लंगोट, खरूज, जंत, रात्रीचं रडणं, आणि एक तर तिच्याच हातात गेलं, तापाने, डॉक्टरच्या दारात रांगेत असताना. लग्नाआधीच तिचं आईपण वापरून संपलं होतं. उरली होती ती बायको. ती त्याला सगळीच्या सगळी दिली.

"ती तर दिलीस," सीबर्ट म्हणाला. मग म्हणाला, "बायकांना कोणी सांगितलं, मला ठाऊक आहे म्हणून?"

"मी."

"का?"

"तसा नवरा मला हवा होता. घरात नव्हता, म्हणून म्हटलं नळावर तरी असू दे."

तिने ग्लास उचलला आणि घोट घेतला. भुवया किंचित वर गेल्या. म्हणाली, साखर घातलीये पोरीने. साखर घालून पिता येतं होय हे? आणि पुन्हा एक घोट घेतला, जरा मोठा. त्याचा ग्लास तसाच होता.

मला सांगायचं होतंस, तो म्हणाला. आपण काहीतरी ठरवलं असतं. नवराबायको होतो आपण.

आयोनीने त्याच्याकडे सरळ पाहिलं. तिचे डोळे या वयातही स्वच्छ होते, नदीच्या वरच्या अंगाच्या पाण्यासारखे, आणि त्यांत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"सांगितलं असतं तर थांबला असतास, सीबर्ट?"

हो म्हणणं सोपं होतं. जीभ तयारही होती. पण दुपारी शेडमध्ये एकदा खोटं बोलून झालं होतं, आणि एका दिवसात दोन खोटी पचवायची त्याला सवय नव्हती. त्याने त्या तरण्या पोराला आठवून पाहिलं, बारमध्ये सगळ्यांना पाजणाऱ्याला. आईचा थोरला, घराण्याचं नाव चालवणारा. त्या पोराला बायको म्हणाली असती, मला मूल नको. त्याने काय केलं असतं? सीबर्ट त्याला चांगला ओळखत होता. तिला सोडून जायला त्याने महिनाही लावला नसता.

"नाही," तो म्हणाला.

"माहीत होतं मला."

काही न पिता

इथे उठून अंगणात जायला हवं होतं. दोघांपैकी कोणीतरी. कोणीच उठलं नाही. आयोनी ग्लासच्या बुडाने टेबलावर ओले गोल काढत होती, एकात एक.

मग तिने जे सांगितलं ते तिला सांगायचं होतं की सुटून गेलं, हे त्याला कधीच कळणार नव्हतं. कदाचित त्याच्या त्या नाहीने तिचं काहीतरी मोडलं असेल. कदाचित तो खरं बोलला म्हणून तिनेही खरं दिलं असेल, बरोबरीने.

ती म्हणाली, त्याची आई गेली त्या वर्षी तिने ते सोडलं होतं. थडग्यावर माती लोटताना सीबर्ट असा रडला होता की तिला पाहवलं नाही. आई नातवंड न बघता गेली, हे तो दहादा बोलला होता. तेव्हा तिने ठरवलं, होऊ दे एक. कंबर वाकडी आहे, अजून वाकेल. तो आणतच होता, ती उकळतच होती, घरात वास होताच. फक्त पिण्याऐवजी मागच्या दाराने जाऊन केळीच्या बुडात ओतत होती. पूर्ण वर्ष. आणि पुढचंही अर्धं.

"त्या वर्षी तुझ्यापेक्षा जास्त वाट मी पाहिली," ती म्हणाली. "नाव पण ठरवलं होतं."

सीबर्टला विचारायचं होतं, कुठलं. त्याने विचारलं नाही. त्याला दिसत होतं ते पुढचं. वर्ष गेलं होतं, पुढचंही अर्धं गेलं होतं, आणि घरात कोणी आलं नव्हतं.

तो म्हणाला, "मग पुन्हा का प्यायला लागलीस?"

तिने खांदे उडवले. एवढ्या साध्या गोष्टीला उत्तर कसलं द्यायचं, तसे.

"दोष कुणाचा तरी असायला हवा होता ना. पीत राहिले तर मला म्हणता येत होतं, माझ्यामुळे. मला खेचर म्हटलेलं मला पेलत होतं." तिने ग्लासातला उरलेला फेस बोटाने गोळा केला. "तुला कोणी म्हटलं असतं, तर तुला पेललं नसतं."

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी हाक दिली, मिस आयोनी, सूप झालं का? शनिवारी जाणारं येणारं हाक देतंच, आणि ती प्रत्येकाला वाडगं भरून देते. तिने आतून ओरडून सांगितलं, झालंय, पण थांब जरा. आवाज नेहमीचाच होता.

तो म्हणाला, "मी तुला सोडून गेलो असतो, दुसरी केली असती, आणि तिकडेही काही झालं नसतं."

"हो," आयोनी म्हणाली. "आणि ती बिचारी खेचर झाली असती."

यावर दोघांना हसू यायला हवं होतं. एरवी आलं असतं, त्यांचं लग्न असल्या हसण्यांवरच चाललं होतं. सीबर्टला माफी मागायची होती. कशाची मागायची ते त्याला निवडता येईना. त्या एका संध्याकाळी तोंडातून गेलेल्या शब्दाची, की आज दिलेल्या खऱ्या उत्तराची, की मुळासकट उपटून नदीत धुतलेल्या प्रत्येक जुडीची, जी कदाचित कोणाचंच काही बिघडवत नव्हती. त्याने टेबलावरून हात पुढे केला आणि तिच्या हातावर ठेवला. बोटं ओली होती, त्यांना तो वास होता.

आयोनीने हात काढून घेतला नाही. उलटून धरलाही नाही. तो तसाच राहू दिला, आणि बाहेरच्याने दुसऱ्यांदा हाक दिली तेव्हा त्याच्या हाताखालून हळूच सोडवून घेऊन वाडगं आणायला गेली.